क्राउझर, चाकू आणि एल वन: रेसिडेंट इव्हिल ४ रीमेकमधल्या एका फाइटचा पंचनामा

स्पॉयलर आहेत, आधीच सांगते, ज्यांचा गेम अर्धवट आहे त्यांनी इथूनच परत फिरा.

केस अशी आहे. रेसिडेंट इव्हिल ४ चा रीमेक, २४ मार्च २०२३ ला आलेला, त्यातला अकरावा चॅप्टर. गेममध्ये आपण लिऑन, पळवून नेलेल्या ॲश्लीला सोडवायला निघालेला एजंट. माझा मामेभाऊ पहिल्यांदाच खेळत होता आणि सरळ हार्डकोअर लावून बसला होता. ते लेव्हल खरं तर ओरिजिनल खेळलेल्यांसाठी आहे, पण त्याला कोण सांगणार, स्टँडर्ड म्हणजे कमीपणा वाटतो ना. शॉटगन आणि रायफलच्या जोरावर गाव झालं, किल्ला जवळजवळ झाला, आणि मग खाणीतून बाहेर पडल्यावर लिऑनच्या जुन्या ओळखीतला, आता शत्रू झालेला क्राउझर आला, त्याने लिऑनला मदत करणाऱ्या लुईसच्या पाठीत चाकू घातला, आणि गेमने याच्या हातातल्या सगळ्या बंदुका काढून घेतल्या. फक्त चाकू. समोर एक माणूस, त्याच्याही हातात चाकू. इथे भाऊ असा अडकला की दोन संध्याकाळी तेच, आणि शेवटी मला बोलावणं आलं, ‘ताई, हा चीटिंग करतो, मी बटण दाबतोय तरी लागतंय’.

‘बटण दाबतोय तरी लागतंय’ हे वाक्य पॅरीवाल्या (म्हणजे वार वेळेवर बटण दाबून अडवायच्या) प्रत्येक गेमबद्दल कुणी ना कुणी बोलतंच, आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं ‘प्रॅक्टिस कर’. ते उत्तर मला कधीच पटलं नाही, कारण चुकीच्या गोष्टीची प्रॅक्टिस केली तर ती चूकच पक्की होते. म्हणून त्याच्या शेजारी बसून नक्की काय बिघडतंय ते बघितलं.

आधी जरा मागे जायला लागेल, कारण ही फाइट कुठून आली ते कळल्याशिवाय ती अशी का आहे ते कळत नाही. ओरिजिनल गेम जानेवारी २००५ मध्ये गेमक्यूबवर आला, डायरेक्टर शिंजी मिकामी, आणि त्याच वर्षी पीएस टू वर. आपल्याकडे बहुतेकांनी तो पीएस टू वरच बघितला, तेही चिप मारलेल्या पीएस टू वर, नाहीतर २००७ च्या पीसी पोर्टवर. त्या पोर्टला माउसने नेम धरायची सोयच नव्हती. त्या गेममध्ये क्राउझरची पहिली भेट म्हणजे एक कटसीन होता, म्हणजे सिनेमासारखा आपोआप चालणारा भाग. दोघं चाकू घेऊन एकमेकांभोवती फिरतात, बोलत राहतात, ॲश्लीला कुणी पळवलं, का पळवलं, आणि मध्येच स्क्रीनवर दोन बटणं झळकतात, ती एकत्र दाबायची, नाही दाबली तर लिऑन मेला, पुन्हा सुरुवातीपासून. कोणती जोडी येईल ते प्रत्येक वेळी बदलायचं त्यामुळे पाठ करून उपयोग नाही. शेवटी लिऑनच्या ओळखीतली एडा गोळी मारून क्राउझरच्या हातातला चाकू उडवते आणि सीन संपतो. पीसी पोर्टवर तर त्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे बटणाच्या सूचनेत, कीबोर्डची अक्षरं नसायची, जॉयपॅडच्या बटणांचे आकडे यायचे, म्हणजे आधी आकडा बघा, मग तो आकडा म्हणजे कुठली की ते आठवा, तोवर गळा कापलेला.

लोक आता क्विक टाइम इव्हेंटला (कटसीनमध्ये झळकलेलं बटण झटकन दाबायच्या या प्रकाराला) सरसकट शिव्या घालतात, पण माझं मत जरा वेगळं आहे. त्या सीनने एक काम चोख केलं होतं, कटसीन लागला की कंट्रोलर मांडीवर टाकून चहा प्यायची सवय मोडली होती. माणूस बोलतोय, तुम्ही ऐकताय, आणि अंगठे बटणावर तयार. ती टांगती भीती खरी होती. प्रॉब्लेम एवढाच की तिथे तुम्ही लढत नव्हता, चाकूकडे बघतच नव्हता, तुमचे डोळे स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर होते जिथे बटणाचं चित्र येणार. क्राउझरने उजवीकडून वार केला का डावीकडून, काही फरक पडत नव्हता.

रीमेकच्या टीमपुढे (डायरेक्टर यासुहिरो आंपो आणि काझुनोरी कादोई, दोघांनी मिळून केलाय) हा प्रश्न असणारच की हा सीन तर सगळ्यांच्या लक्षात आहे, काढता येत नाही, आणि २०२३ मध्ये तसाच ठेवला तर लोक हसतील. त्यांनी कटसीन फोडून त्याची सरळ बॉस फाइट केली. आणि ती फाइट उभी राहिली एका बटणावर, एल वन.

एल वन म्हणजे चाकू वर धरणं. समोरचा मारायला आला आणि तुम्ही वेळेवर दाबलं की वार चाकूवर अडतो, याला पॅरी. अगदी शेवटच्या क्षणी दाबलं तर परफेक्ट पॅरी, त्यात समोरचा झोकांडी खातो आणि गावातले गनाडो (ताबा घेतलेले गावकरी) असतील तर लगेच लाथ घालता येते. कुऱ्हाड, कोयता, अगदी चेनसॉ सुद्धा अडवता येतो, फक्त चेनसॉ अडवला की चाकूची हालत होते. चाकू इथे झिजतो. ओरिजिनलमध्ये चाकू अमर होता, इथे मर्चंटकडे (गेममधल्या दुकानदाराकडे) नेऊन पेसेटा मोजून दुरुस्त करून घ्यायचा. स्वयंपाकघरातली सुरी वगैरे सापडतात त्या वापरल्या की गेल्या. म्हणजे पॅरी फुकट नाही, प्रत्येक वेळी थोडं काहीतरी खर्च होतं. हा ब्रेक लावला नसता तर लोकांनी अख्खा गेम चाकूवर काढला असता आणि बंदुका बॅगेत शोभेला राहिल्या असत्या.

हे अचानक उगवलेलं नाही. हे गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने पहिल्या रेसिडेंट इव्हिलचा रीमेक २००२ मध्ये काढला त्यात डिफेन्स आयटम होते, झॉम्बीने धरलं की लिऑनच्या आधीचे त्या भागातले हिरो खंजीर खुपसून सुटायचे. २०१९ च्या रेसिडेंट इव्हिल २ मध्ये तुटणारा चाकू आला, धरलं की त्याच्या डोक्यात रुतवून सुटायचं. २०२० च्या तिसऱ्या भागात नायिका जिलचा डॉज (वार चुकवणं) आला, वेळेवर मारला तर क्षणभर सगळं स्लो होतं आणि नेम धरायला मिळतो. म्हणजे आधी सुटका होती, मग वेळ साधली तर बक्षीस आलं, आणि चौथ्यात दोन्ही एका चाकूत घातलं. तशीही टायमिंगवर अडवणं ही कॅपकॉमची जुनी खोड. स्ट्रीट फायटर थ्री मध्ये १९९७ पासून पॅरी आहे, आणि गंमत म्हणजे रेसिडेंट इव्हिल ४ म्हणून सुरू झालेला एक जुना प्रयत्न वेगळा होऊन २००१ चा डेव्हिल मे क्राय झाला, ज्याच्या तिसऱ्या भागात रॉयलगार्ड नावाची अख्खी स्टाइलच वेळेवर ब्लॉक करण्यावर आहे.

आता भावाकडे परत.

मी पहिल्यांदा काही बोलले नाही, फक्त त्याचे हात बघत बसले. क्राउझर पुढे यायचा, हा एल वन दाबायचा. दाबायचा म्हणजे बडवायचा. टक टक टक टक. कधी लागायचं, कधी अडायचं, अडलं की खूश होऊन हा सपासप वार करायला जायचा, आणि तिसऱ्या चौथ्या वाराच्या मध्ये क्राउझरचा उलटा वार येऊन पडायचा. मग घाबरून सर्कल. सर्कल म्हणजे डक, खाली वाकणं, ते ज्या हल्ल्यावर चाकू चालत नाही त्यासाठी असतं आणि त्यावेळी स्क्रीनवर प्रॉम्प्ट येतो. हा प्रॉम्प्ट नसतानाही सर्कल दाबत होता आणि प्रॉम्प्ट आला की सवयीने एल वन. दोन्ही उलटं.

मी विचारलं, ‘तू बघतोस कुठे?’

म्हणाला, ‘कुठे म्हणजे? स्क्रीनवर.’

‘स्क्रीनवर कुठे?’

जरा विचार करून म्हणाला, ‘चाकूवर. नाहीतर बटण येतंय का ते.’

इथे मला निम्मी केस उलगडली. हा २०२३ चा गेम २००५ च्या डोळ्यांनी खेळत होता, आणि २००५ चा गेम त्याने बघितलेलासुद्धा नाही. बटणाच्या चित्राची वाट बघणं ही सवय इतर सगळ्या गेमनी लावलीये. चाकूकडे बघणंही तितकंच वाईट, कारण चाकू दिसेनासा होण्याइतका जोरात फिरतो, आणि तो तुमच्याकडे निघालेला दिसला तेव्हा उशीर झालेला असतो.

थोडं गणित करू, सोपं आहे. काहीतरी दिसलं आणि बोट हललं यात साधारण माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. ६० फ्रेमवर (सेकंदाला ६० चित्रांवर) चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे तुमची प्रतिक्रिया बारा ते पंधरा फ्रेम उशिरा पोचते. जवळून आलेला सुरीचा झपाटा तेवढा वेळ हवेत नसतो. त्यामुळे ‘दिसलं की दाब’ हा प्लॅनच चालत नाही, कितीही तरुण असा. मग जे अडवतात ते कसं अडवतात? ते वार बघतच नाहीत, वाराची तयारी बघतात. क्राउझरचा खांदा मागे जातो, पाय रोवतो, कोपर वर येतं, आणि मग चाकू येतो. तयारी सुरू झाल्यापासून वार लागेपर्यंत भरपूर वेळ असतो, तो मोजायचा असतो.

भाऊ क्रिकेट खेळतो, कॉलेजच्या टीममध्ये ओपनिंगला जातो, म्हणून त्याला तेच सांगितलं. १४० च्या स्पीडचा बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटपर्यंत येतो, तू काय बॉल निम्म्यात आल्यावर ठरवतोस का कुठला शॉट? तू बोलरचा हात बघतोस, मनगट बघतोस, स्लोअर टाकला तर हातातूनच कळतो. हे ऐकून तो पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणाला, ‘अगं पण हा मध्येच थांबतो’. बरोबर, तेच तर. काही वार सरळ येतात, काही वेळा हात मागे नेऊन जरा रेंगाळतो आणि मग सोडतो. बडवणाऱ्याला पकडायलाच ते रेंगाळणं आहे. तिथे घाईने दाबलेला एल वन वाया जातो आणि पुढचा दाबेपर्यंत चाकू पोटात.

याचं सगळ्यात भारी उदाहरण कॅपकॉमच्याच दुसऱ्या गेममधलं आहे आणि ते मी त्याला युट्यूबवर लावून दाखवलं. २००४ ची इव्हो ही फायटिंग गेमची स्पर्धा, स्ट्रीट फायटर थ्री थर्ड स्ट्राइक, दाइगो उमेहारा केन हे कॅरेक्टर घेऊन आणि जस्टिन वाँग चुन ली घेऊन. दाइगोची हेल्थ केसाएवढी उरलेली, साधा ब्लॉक केला तरी त्या घासण्यानेच मरणार. वाँग सुपर (खास मोठा हल्ला) मारतो, पंधरा फटके, आणि दाइगो सगळे पॅरी करून उलटा मारून राउंड घेतो. लोक ते बघून म्हणतात काय रिफ्लेक्स. पण त्यातली पहिली पॅरी सुपर सुरू व्हायच्या आधीच द्यावी लागते, म्हणजे तो काही बघून अडवत नव्हता, त्याला माहीत होतं की आता समोरचा हेच करणार. आणि मग पुढचे चौदा म्हणजे पाठ असलेला ठेका. भावाने तो व्हिडिओ दोनदा बघितला, मग म्हणाला हे माणसाचं काम नाही. असेलही, पण क्राउझरचे वार त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके सुद्धा अवघड नाहीत.

एवढं सांगूनही सुधारणा झाली पण पुरेशी नाही. आता तो खांद्याकडे बघत होता, बडवणं बंद झालं होतं, माझ्या डोळ्यांना तरी वेळ बरोबर वाटत होती, आणि तरी निम्मे वार लागत होते. मी कंट्रोलर हातात घेतला तर मलाही लागायला लागलं. घरी माझ्या मॉनिटरवर हीच फाइट मला जमते, इथे दाबलं आणि लिऑनचा हात उठला यात काहीतरी चिकट चिकट वाटत होतं.

टीव्ही. मामाने हौसेने घेतलेला मोठा टीव्ही, मॅच बघायला, आणि तो कायमचा स्पोर्ट्स मोडवर. त्यात मोशन स्मूदिंग का काय ते चालू, म्हणजे टीव्ही आलेली फ्रेम लगेच दाखवत नाही, पुढची येईपर्यंत धरून ठेवतो, मधली स्वतः बनवतो, रंग गुळगुळीत करतो, मग दाखवतो. अशा मोडमध्ये बऱ्याच टीव्हींना १०० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो. ६० फ्रेमच्या हिशोबात सहा फ्रेम. मॅच बघताना कुणाला कळणार, तिथे तुम्ही बटण कुठे दाबताय. पण इथे क्राउझर टीव्हीवर जिथे दिसतो तिथून गेममध्ये तो सहा फ्रेम पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे भावाचं ‘बटण दाबतोय तरी लागतंय’ हे शब्दशः खरं होतं, बिचारा बरोबर दाबत होता, त्या चित्राच्या हिशोबाने.

गेम मोड लावला, रिमोटवर चार मेनू खोदून, कारण तो ऑप्शन असा लपवलेला असतो की सापडूच नये. वर गेमच्या सेटिंगमध्ये त्याने रिझोल्यूशनला प्रायॉरिटी दिली होती, रे ट्रेसिंग चालू, केसांचं ते हेअर स्ट्रँड्स पण चालू, लिऑनचे केस काय सुंदर उडत होते. ते सगळं बंद करून फ्रेम रेटवाला मोड घेतला. मामा मागून म्हणाले, ‘चित्र जरा फिकं झालं का गं?’ झालं, मामा. मॅचच्या वेळी परत लावून देते.

यानंतर फरक लगेच कळला. पहिल्या खेळीत तो हरला, कारण आता सवय उशिरा पोचणाऱ्या चित्राची झाली होती, त्यामुळे लवकर दाबत होता. पण हरतानाही तो म्हणाला, ‘आता लागलं ते माझ्यामुळे’. एवढं वाक्य तोंडून निघालं की टायमिंगच्या गेममध्ये निम्मं काम झालं असं मी समजते, कारण तोवर माणूस गेमशी भांडत असतो.

मग उरला लोभ. परफेक्ट पॅरी बसली, क्राउझर हलला, की तीन चार वार घालायचा मोह. प्रत्येक वार म्हणजे लिऑनचा हात काही क्षण अडकलेला, त्यात समोरच्याची पुढची तयारी सुरू झाली तर तुम्ही परत यायच्या आत ती पूर्ण होते. त्याला सांगितलं दोन वार, फक्त दोन, मग हात आवर आणि खांद्याकडे बघ. तो पुटपुटत राहिला, ‘असं तर रात्र होईल’. झालीच रात्र, पण फाइट संपली. शेवटी एका डक वर निभावली, प्रॉम्प्ट आला, त्याने वेळेत सर्कल दाबला, क्राउझरचा वार डोक्यावरून गेला. मामींनी आतून जेवायला या म्हणून तिसरी हाक मारली होती.

आता माझं म्हणणं. फाइट चांगली आहे, माझ्या मते अख्ख्या रीमेकमधली सगळ्यात विचार करून बसवलेली. ओरिजिनलमधला धाक तसाच ठेवला, दोघांचं बोलणं तसंच चालू, क्राउझर तुम्हाला शिकवल्यासारखं टोचत राहतो (रीमेकमध्ये तो लिऑनचा जुना ट्रेनर आहे, त्यामुळे ते बसतं सुद्धा, मूळ गेममध्ये नुसता जुना पार्टनर होता), आणि बटणाच्या चित्राकडून नजर काढून माणसाच्या अंगाकडे वळवली. हे एवढं साधं वाटतं पण तिथेच २००५ आणि २०२३ मधला सगळा फरक आहे. आधी गेम तुम्हाला सांगायचा कधी दाबायचं, आता समोरचा माणूस सांगतो, नकळत.

पण तक्रार आहे आणि ती मोठी आहे. दहा चॅप्टर गेम तुम्हाला पॅरी शिकवत नाही, नुसती हातात देतो. गावात कुणी कुऱ्हाड घेऊन आला तर तुम्ही पॅरी करा, पळा, गुडघ्यात गोळी घाला, खिडकीतून उडी मारा, सगळं चालतं. ते चालतं म्हणूनच गेम मजेदार आहे, ते मला मान्य. पण त्यामुळे भावासारखे लोक पॅरीला अडीअडचणीचं साधन समजतात, जोरात दाबून बघायचं, अडलं तर अडलं. साध्या लेव्हलवर ते पुष्कळदा अडतंसुद्धा. आणि मग अकराव्या चॅप्टरमध्ये अचानक सगळ्या बंदुका काढून घेऊन याच एका गोष्टीची परीक्षा घेतली जाते. ज्याने सुरुवातीपासून चाकूची सवय लावून घेतली त्याला ही फाइट हलकी जाते, ज्याने नाही लावली त्याला भिंत. मला वाटतं किल्ल्यात कुठेतरी एक छोटी, न मरता येईल अशी जागा हवी होती जिथे चाकूशिवाय गत्यंतर नाही. भिक्षूंनी भरलेला अख्खा किल्ला होता, जागेची काय कमी होती.

आणि झिजणाऱ्या चाकूचा उलटा परिणाम पण होतोच. दुरुस्तीला पैसे लागतात म्हणून नवखा माणूस पॅरी करायला कचरतो, म्हणून प्रॅक्टिस होत नाही, म्हणून नंतर अडकतो. भाऊ तर चाकू जपून ठेवत होता, ‘बॉससाठी’. कुठल्या बॉससाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी उपाय गेममध्ये आहे, किल्ल्यात आणि बाकी सगळीकडे लपवलेले ते सोळा यांत्रिक कॅस्टेलन फोडले की प्रायमल नाइफ मिळते, ती पूर्ण अपग्रेड केली की तुटतच नाही. पण ती मिळेपर्यंत पहिला डाव जवळजवळ संपलेला असतो, म्हणजे बक्षीस गरज असते तेव्हा नाही, गरज संपल्यावर.

चौदाव्या चॅप्टरमधली दुसरी क्राउझर फाइट बघितली की पहिलीचं महत्त्व जास्त कळतं. बेटावरचे ते अवशेष, सापळे, मग त्याचा तो बदललेला हात. तिथे बंदुका परत मिळतात आणि भावाने त्या मनसोक्त वापरल्या, चाकू जवळजवळ काढलाच नाही, सोपी गेली त्याला. ओरिजिनलमध्ये हीच फाइट चाकूने लवकर संपते हे जुन्या खेळाडूंचं आवडतं गुपित होतं, गोळ्या वाचवा आणि चाकू काढा. रीमेकमध्ये क्राउझर मेल्यावर त्याची फायटिंग नाइफ तुम्हाला मिळते, शिकवणाऱ्याचं हत्यार शिकणाऱ्याकडे. भावाने ती घेतली आणि विचारलं ‘ही विकून किती येतील?’

आता त्याचं प्रोफेशनल चालू आहे. एकदा गेम संपवल्यावरच ती लेव्हल उघडते, ऑटोसेव्ह नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे फक्त परफेक्ट पॅरी चालते, थोडं लवकर दाबलेलं काहीही मोजत नाही. बडवणाऱ्यांचं दुकान बंद. पहिल्याच चॅप्टरमध्ये गावात चेनसॉवाला आला, याने खांद्याकडे बघितलं, दाबलं, ठिणग्या उडाल्या, चेनसॉ बाजूला गेला. चाकू पार झिजला होता आणि चौकात अजून अर्धं गाव शिल्लक होतं, मग पुढच्याच कोयत्याला मेला. पण टीव्ही गेम मोडवरच होता, मामांनी परत स्पोर्ट्स मोड लावायला मागितला नाहीये अजून.